न्योर्डलिंगेन आणि तिथलं सेंट गेऑर्ग चर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बव्हेरियात राहतो. भारतातून पाहुणे आले की राजवाडे आणि डोंगर दाखवून होतात, मग एखादा मोकळा दिवस उरतो. त्या दिवशी मी त्यांना न्योर्डलिंगेनला नेते. प्रश्न दर वेळी तेच येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

नाव नेमकं कसं म्हणायचं? आणि हे आहे कुठे?

पहिला स्वर मराठीत नाही. ओठ 'ओ'साठी गोल करायचे आणि आतून 'ए' म्हणायचं, की जवळपास पोचतो. इथे मी 'न्योर्डलिंगेन' लिहिते आहे. गाव म्युनिकच्या वायव्येला, श्टुटगार्टच्या पूर्वेला आहे. आज बव्हेरियात मोडतं, पण बोली आणि जेवण श्वाबेन प्रांताचं. वस्ती सुमारे २० हजार, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी तालुक्याच्या गावापेक्षाही कमी. कागदोपत्री पहिला उल्लेख सन ८९८ मधला.

गाव उल्केच्या खड्ड्यात वसलंय हे खरं? म्हणूनच ते गोल आहे ना?

पहिलं खरं, दुसरं नाही. वरून काढलेला फोटो बघितला की सगळ्यांना असंच वाटतं, कारण लाल कौलांची घरं आणि त्यांच्याभोवती जवळजवळ परिपूर्ण वर्तुळात तट दिसतो. पण ते वर्तुळ एक किलोमीटरसुद्धा रुंद नाही. खड्डा सुमारे २४ किलोमीटर व्यासाचा आहे आणि गाव त्याच्या तळातल्या एका कोपऱ्यात बसलंय. तट गोल आहे कारण कमी भिंतीत जास्त जागा सामावायची तर गोलच बांधावा लागतो. १३२७ मध्ये लुडविग राजाच्या हुकमाने गाव वाढवलं आणि नवा तट जुन्याच्या बाहेरून फिरवला. जुना तट पाडला. त्याच्या जागी आज जो रस्ता आहे तो आतून दुसरं वर्तुळ काढत जातो.

खड्डा पडला सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी. या सपाट, सुपीक भागाला 'रीस' म्हणतात. खाली उभं राहून खड्डा दिसत नाही. दिसतात ती गव्हा-मक्याची शेतं आणि क्षितिजावर चारी बाजूंनी टेकड्यांची कड. ती कड म्हणजे खड्ड्याचा काठ.

म्हणजे आपल्या लोणारसारखंच?

हो, जात तीच. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, त्यामुळे काठावर उभं राहिलं की सगळा खड्डा एका नजरेत मावतो. रीस त्याच्या तेरापट रुंद. इथेही आघातानंतर खाऱ्या पाण्याचा तलाव साचला होता, तो पुढे लाखो वर्षांत गाळाने भरून गेला. लोणारचं सरोवर अजून शाबूत आहे, रीसच्या सरोवराची शेतं झाली.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी घडली. अभ्यासकांनी बराच काळ हा ज्वालामुखीचाच प्रताप मानला. रीसच्या बाबतीत निकाल १९६० मध्ये लागला. अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर इथल्या ओट्टिंगच्या खाणीतून दगडाचे नमुने घेऊन गेले, आणि एडवर्ड चाव यांना त्यांत कोएसाइट हे खनिज सापडलं. ते तयार व्हायला लागणारा दाब पृष्ठभागावर ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही. १९७० मध्ये अपोलो १४ चे अॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल दगड ओळखायला शिकण्यासाठी इथे येऊन गेले. चंद्रावर असेच आघाताचे दगड भेटणार होते.

हे सगळं ठीक, पण याचा चर्चशी काय संबंध?

चर्च त्याच दगडाचं आहे! सेंट गेऑर्गच्या भिंती आणि मनोरा ज्या दगडात बांधलाय त्याचं नाव स्युवाइट, म्हणजे 'श्वाबेनचा दगड'. उल्का आदळली तेव्हा वितळलेलं, भाजलेलं, चुरा झालेलं सगळं एकत्र उडून खाली पडलं आणि थंड होऊन घट्ट झालं, तो हा.

चर्चच्या बाहेरच्या भिंतीला अगदी नाक लावून बघा. राखाडी, किंचित हिरवट रंग, आणि त्यात मध्येच काळपट, चपटे, काचेसारखे तुकडे, कुणी धिरड्याचे तुकडे पिठात कालवून टाकावेत तसे. उपमा माझी एकटीची नाही. इथले लोक या तुकड्यांना 'फ्लेडले' म्हणतात, आणि श्वाबेनमध्ये धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं जे सूप मिळतं त्यातल्या पट्ट्यांचंही नाव फ्लेडलेच. या दगडात डोळ्यांना न दिसणारे हिरेही आहेत, ग्राफाइटवर तो प्रचंड दाब पडून झालेले. पाहुण्यांमधले सोनार लगेच भिंत खरवडायच्या गोष्टी करतात. उपयोग नाही, त्यांतून अंगठी होत नाही.

स्युवाइटला कोरीव काम बरं जमतं, पण तो पाऊस-बर्फाने झिजतो. त्यामुळे मनोऱ्याच्या कुठल्या ना कुठल्या बाजूला परांची बांधलेली दिसली तर फोटो बिघडला म्हणून चिडू नका. ते काम कायमचंच आहे.

चर्च कुणी बांधलं? बिशपने की राजाने?

दोघांनीही नाही. नगरसभेने, म्हणजे गावच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी. इथलं पुढचं सगळं यावरूनच उलगडतं.

१२१५ मध्ये जर्मन राजा फ्रीडरिष दुसरा याने हे गाव बिशपच्या ताब्यातून स्वतःकडे घेतलं आणि न्योर्डलिंगेन (पवित्र रोमन) 'साम्राज्याचं स्वतंत्र शहर' झालं. वर फक्त सम्राट, मध्ये कुणी सरदार नाही. १२१९ पासून इथल्या पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाच्या) जत्रेचे उल्लेख सापडतात. तिथे लोकर, कातडी, कापड, धातू असा घाऊक व्यापार चाले आणि दूरदूरचे व्यापारी येत. (जत्रा आजही भरते, फक्त आता पाळणे आणि बिअर.) त्या पैशातून १४२७ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १५०५ मध्ये संपलं. ७८ वर्षं आणि एकामागून एक मुख्य गवंडी! निकोलाउस एसेलर बाप आणि मुलगा दोघेही त्या यादीत आहेत, शेवटी श्टेफान वायरर. आत गेल्यावर तिन्ही दालनांचं छत सारख्याच उंचीवर दिसतं. जर्मनीत याला 'सभागृह-चर्च' म्हणतात. मधलं दालन उंच आणि बाजूची बुटकी अशी उतरंड इथे नाही, म्हणून आत उजेड भरपूर.

मग ते प्रोटेस्टंट कसं झालं? लूथर इथे आला होता का?

या गावाला त्याची गरजच पडली नाही. कॅथलिक चर्चला आव्हान देणारा धर्मसुधारक मार्टिन लूथर याने १५१८ मध्ये हायडेलबर्गला जाहीर वाद केला, तो ऐकून भारावलेल्यांत टेओबाल्ड बिलिकान नावाचा तरुण होता. १५२२ मध्ये नगरसभेने त्यालाच सेंट गेऑर्गचा उपदेशक नेमलं. व्यासपीठ गावाचं, पगार गावाचा, तेव्हा तिथे कोण बोलणार हेही गावानेच ठरवलं.

त्याच वर्षी, चर्चपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या कार्मेलाइट मठाचा प्रमुख कास्पार कान्त्स याने उपासनेचा जर्मन भाषेतला क्रम छापून काढला. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये चाले. समोरचे विणकर, चांभार, खाटीक उभे राहून ऐकत, त्यातलं कळत काहीच नसे. लूथरचा स्वतःचा जर्मन उपासनाक्रम १५२६ चा आहे, म्हणजे या गावातला मठवासी त्याच्या चार वर्षं पुढे होता. ज्ञानेश्वरी कुठल्या गरजेतून लिहिली गेली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या छोट्या पुस्तिकेचं मोल वेगळं सांगायला नको. तरी लूथरच्या नावाने बस भरभरून पर्यटक फिरतात आणि कान्त्सचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं, हे मला खटकतं.

आणखी एक. 'प्रोटेस्टंट' या शब्दाच्या जन्मालाही हे गाव हजर होतं. १५२९ मध्ये श्पायरच्या साम्राज्यसभेत बहुमताने ठरलं की लूथरच्या शिकवणीवर पुन्हा बंदी घालायची. त्याविरुद्ध काही राजे-सरदारांनी आणि १४ स्वतंत्र शहरांनी लेखी निषेध नोंदवला. निषेधाला लॅटिनमध्ये प्रोटेस्टाशिओ, म्हणून निषेध करणारे ते प्रोटेस्टंट. त्या १४ शहरांत न्युर्नबर्ग, उल्म, श्ट्रासबुर्गसारखी बडी धेंडं होती आणि त्यांच्या पंगतीत हे एवढंसं न्योर्डलिंगेन.

प्रोटेस्टंट आहे तर आत संतांच्या मूर्ती आणि नाव 'सेंट गेऑर्ग' कसं?

अहमदनगर किंवा सोलापूरकडचे ख्रिस्ती पाहुणे हे हमखास विचारतात. त्यांच्या मनात मिशनच्या साध्या, पांढऱ्या भिंतींच्या उपासनामंदिराचं चित्र असतं. तिकडचं मिशन अमेरिकन, वेगळ्या परंपरेतलं. इथले लूथरपंथी. लूथरपंथीयांचं म्हणणं सरळ होतं : मूर्तीची प्रार्थना करू नका, पण ती फोडायचीही गरज नाही. स्वित्झर्लंडकडे आणि शेजारच्या काही शहरांत चित्रं-मूर्ती चर्चबाहेर काढून जाळल्या गेल्या. इथे बरंचसं जागच्या जागी राहिलं.

वेदीवरचा क्रूस आणि त्याच्या बाजूच्या मरिया, योहान, गेऑर्ग, मग्दालिया या लाकडी मूर्ती १४६२ च्या सुमाराच्या, शिल्पकार निकोलाउस गेरहार्टच्या परंपरेतल्या उत्तम कामात मोडतात. त्याच वेदीची फ्रीडरिष हेर्लिनने रंगवलेली चित्रं आता गावच्या संग्रहालयात आहेत. १६८३ मध्ये मूर्तींभोवती बरोक शैलीची नवी चौकट बसवली, म्हणजे दागिना जुना, डबी नवी.

मला स्वतःला सर्वांत गंमत वाटते ती डाव्या हाताच्या उंच, निमुळत्या दगडी मखराची. प्रभुभोजनातली पवित्र भाकर ठेवण्यासाठी ते बनवलं. काम चाललं १५११ ते १५२५. म्हणजे शेवटची तीन वर्षं पाथरवट वर बसून छिन्नी चालवतोय आणि खाली बिलिकान सांगतोय की भाकर अशी मखरात पुजायची नसते. तरी काम पूर्ण केलं. ठेका दिलेला होता!

मनोऱ्याचं नाव 'दानिएल' का? वर जाता येतं का?

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात राजा त्याला साऱ्या प्रांतावर मोठा करतो असा उल्लेख आहे, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. साऱ्या रीसवर हा मनोरा मोठा आहे खराच. उंची सुमारे ९० मीटर, पायऱ्या ३५०. माथ्यावरचा घुमट १५३९ चा.

खालच्या पायऱ्या दगडी, वळणावळणाच्या, मग लाकडी जिने. वाटेत एक भलंमोठं लाकडी चाक दिसतं. माणसं त्याच्या आत चालत आणि त्यावर दोर गुंडाळून वर सामान चढे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बाजारचौकात कॉफी घ्यावी. वरून चांगल्या हवेत ९९ गावं दिसतात असा इथल्यांचा दावा. मी मोजली नाहीत.

रात्री मनोऱ्यावरून कोण आणि काय ओरडतं?

मनोऱ्याचा पहारेकरी. आजही आहे, पगारी. रात्री १० ते १२ दर अर्ध्या तासाने तो वरून हेल काढून ओरडतो, 'सो, गसेल, सो!' म्हणजे साधारण 'अस्सं, गड्या, अस्सं!' पूर्वी यातून तटावरचे पहारेकरी जागे आहेत की नाहीत ते कळे. वरून हाक गेली की खालून उत्तर यायला हवं.

दंतकथा मात्र डुकराची आहे. १४४० मध्ये शेजारच्या ओएटिंगेनच्या सरदाराने वेशीवरचे पहारेकरी फोडले, रात्री वेस उघडी ठेवायचं ठरलं. एका विणकराची बायको नवऱ्यासाठी बिअर आणायला निघाली, तर एक सुटलेलं डुक्कर वेशीच्या फळीला अंग घासतंय आणि फळी हलतेय! कडी लावलेलीच नव्हती. 'सो, गसेल, सो!' म्हणत तिने बोंब ठोकली आणि गाव वाचलं. आपल्याकडे गड घोरपडीने जिंकून दिल्याची कथा आहे, यांच्याकडे डुकराने वाचवल्याची. म्हणून दुकानांसमोर रंगीत डुकरं दिसतात.

बाजारात कारंजं आहे, ती मारिया होल कोण?

हे उत्तर मुलांसमोर जपून द्या.

१५८९ पासून गावात चेटकिणी शोधायचं वेड सुरू झालं. पाच-सहा वर्षांत पस्तीसच्या आसपास माणसांना मारलं, जवळजवळ सगळ्या बायका. आणि हे धर्मपीठाने केलं नाही, नगरसभेने केलं, तीच नगरसभा जिच्या कारकिर्दीचं मी वर कौतुक केलं. बळींमध्ये गरीब दाया होत्या तशा नगराधिकाऱ्यांच्या घरच्या बायकाही होत्या. रेबेका लेम्पचा नवरा गावचा खजिनदार होता. तुरुंगातून तिने त्याला लिहिलेली पत्रं आजही आहेत. १५९० मध्ये तिला जाळलं.

मारिया होल खानावळ चालवायची. १५९३ मध्ये तिला पकडलं. पन्नासहून अधिक वेळा छळ झाला, तरी तिने कबुली दिली नाही आणि दुसऱ्या कुणाचं नावही घेतलं नाही. छळाखाली घेतलेल्या नावांवरच पुढच्या अटका चालत, ती साखळी तिच्यापाशी अडली. तिच्या माहेरच्या बाजूने उल्म शहराने रदबदली केली आणि १५९४ मध्ये ती सुटली. त्यानंतर हे सत्र ओसरलं. ती त्यानंतर चाळीस वर्षं जगली.

चर्चचं काय, असं कुणीतरी विचारतंच. इथले मुख्य पाळक विल्हेल्म लुत्स यांनी सेंट गेऑर्गच्या व्यासपीठावरून या खटल्यांविरुद्ध बोलायचं धाडस केलं होतं. नगरसभेने त्यांना गप्प बसायला सांगितलं. १५२२ मध्ये ज्या हक्काने उपदेशक नेमला, त्याच हक्काने.

गावात ज्यू वस्ती होती का?

होती, व्यापारामुळे बरीच. १३८४ मध्ये त्यांची कत्तल झाली, पुढे १५०७ मध्ये उरलेल्यांना हाकललं. एकोणिसाव्या शतकात पुन्हा वस्ती झाली, ती नाझी राजवटीत संपली. जत्रेच्या वैभवाचा इतिहास सांगताना हा भाग गाळला जातो, म्हणून इथे लिहिला.

शाळेत तीस वर्षांच्या युद्धात 'न्योर्डलिंगेनची लढाई' वाचली होती, ती हीच?

हीच. सप्टेंबर १६३४. कॅथलिक सम्राटाच्या फौजेने गावाला वेढा घातलेला, आणि तो उठवायला गुस्ताफ होर्न आणि बेर्नहार्ड या सेनापतींच्या हाताखाली स्वीडिश व जर्मन प्रोटेस्टंट सैन्य आलं. समोर दोन आते-मामेभाऊ, दोघांचंही नाव फर्डिनांड, एक हंगेरीचा राजा आणि दुसरा स्पेनचा राजपुत्र-कार्डिनल. आल्बुख नावाच्या टेकडीवर होर्नने हल्ल्यामागून हल्ले केले, टेकडी काही हाती आली नाही. प्रोटेस्टंटांचा धुव्वा उडाला, होर्न कैद झाला, गावाने दरवाजे उघडले. दक्षिण जर्मनीतला स्वीडनचा पाय निघाला आणि पुढच्या वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. १६४५ मध्ये जवळच आलेरहाइमला आणखी एक मोठी लढाई झाली.

गाव प्रोटेस्टंट राहिलं, पण व्यापाराचं कंबरडं मोडलं.

तट इतका धड कसा राहिला?

गरिबीमुळे! भरभराट झालेल्या शहरांनी रस्ते रुंद करायला तट पाडले. इथे पाडायला पैसा नव्हता आणि गरजही नव्हती. आज सुमारे २.७ किलोमीटरचा तट सलग आहे आणि त्यावरून छपराखालून पूर्ण फेरी मारता येते, पाऊस असला तरी. वेशी पाच. त्यातल्या चारांची नावं रस्ता ज्या गावाला जातो त्यावरून, बाल्डिंगर, लेप्सिंगर, डायनिंगर, राइमलिंगर. आपल्याकडे दिल्ली दरवाजा असतो तसंच. पाचवी बेर्गर, म्हणजे टेकडीकडची.

आता गावात सगळे प्रोटेस्टंटच का?

नाही. १८०३ मध्ये स्वतंत्र शहराचा दर्जा गेला आणि गाव कॅथलिक राजांच्या बव्हेरियात सामील झालं. हळूहळू कॅथलिकही आले. कान्त्सचा मठ आठवतो? त्याचं चर्च, सेंट साल्वाटोर, आज कॅथलिकांकडे आहे.

फुटबॉलपटू गेर्ड म्युलर इथलाच ना?

हो. १९४५ मध्ये इथेच जन्मला, जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल. स्टेडियमला त्याचं नाव आहे. फुटबॉलवेडा मुलगा बरोबर असेल तर चर्चऐवजी तिथूनच सुरुवात करा.

जायचं कसं, आणि मुक्काम करावा का?

म्युनिककडून आलात तर डोनाउव्योर्थला गाडी बदला, तिथून अर्धा तास. स्टेशन ते वेस पायी. उल्केचं संग्रहालय एका जुन्या कोठारात आहे, तिथे अपोलो १६ ने आणलेला चंद्राचा दगड बघायला मिळतो. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा पर्यटक म्हणून आत फिरू नका. मागच्या बाकावर बसून ऐकायला कुणाची ना नसते.

मुक्काम जरूर करा, कारण हाक रात्री १० ला सुरू होते. मागच्या वर्षी सासरे बरोबर होते. बाजारचौक रिकामा, मनोऱ्यावर एकच पिवळा दिवा. वरून लांबलचक 'सो, गसेल, सो' आलं आणि आम्ही सगळे गप्प. सासऱ्यांनी मान वर केली आणि शेतावरून गड्याला उत्तर द्यावं तशी खणखणीत आरोळी दिली, 'होऽऽ!' वरचा दिवा जरा हलला. कुणीतरी कठड्यावरून वाकून खाली बघत होतं.